शेहेचाळीस पुस्तकांतलं पहिलं

पाण्याचा नमुना कसा घ्यावा, हे मला गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नळ आधी दोन मिनिटं मोकळा सोडायचा. पाइपात साचून राहिलेलं पहिलं पाणी वाहून जाऊ द्यायचं; ते खरं पाणी नव्हे. मग बाटली धरायची. बाटलीवर नळाच्या मालकाचं नाव लिहायचं नाही, फक्त संकेतांक लिहायचा, कारण नाव वाचलं की तपासणाऱ्याचं मन तपासणीआधीच निकाल देऊन मोकळं होतं. एकवीस वर्षं मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत हेच करते आहे आणि आजवर माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे सार्वजनिक ग्रंथालयाकडून मला ‘लेखी खुलासा करावा’ असं पत्र आल्याचं वाचाल, तेव्हा गैरसमज नको.

सुरुवात मुंगीपासून झाली. मुंगी ही आमची लेक, वय सतरा, उंची माझ्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त. सहा आठवड्यांनी ती शिकायला दुसऱ्या गावी, वसतिगृहात जाणार होती. एका संध्याकाळी मी सहज मोजलं, तर आदल्या दिवशी आमच्यात एकूण दोन संवाद झाले होते. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ आणि ‘दार लावलंस का?’ ‘हो.’ शेजारच्या खोलीत असताना ही गत, तर गाव बदलल्यावर फोनवर काय उरणार? दार तर तिथलं तिथलेच लोक लावतील. म्हणजे राहता राहिला एक संवाद.

मुंगीचं डोकं कायम एकाच विज्ञानकथाकाराच्या पुस्तकात असतं. या गृहस्थाने इतक्या कादंबऱ्या लिहिल्या आहेत, की जेवायला केव्हा उठत असेल असा प्रश्न पडावा. मी स्वतः शाळा सुटल्यापासून कादंबरी वाचलेली नाही. वाचायला घेतली, की बाष्पदाबाच्या चुका दिसतात आणि गोष्ट बाजूला राहते. तरी त्या संध्याकाळी विचारलं, “काय असतं गं त्यात एवढं?”

“सांगून कळत नाही आई. एक वाच. मग बोलू.”

‘मग बोलू’ हे शब्द मी लगेच धरून ठेवले. “कुठून सुरू करू?”

“कुठूनही,” मुंगी म्हणाली आणि परत पुस्तकात गेली.

‘कुठूनही’ हे उत्तर मला चालत नाही. मी कशी आहे, याचा एक दाखला देते. पाच वर्षांपूर्वी आमच्या बाल्कनीतल्या कपडे धुण्याच्या यंत्राचा एक पाय तुटला. दुसऱ्या कोणी तिथे वीट सरकवली असती. मी पाणसळ लावली, उंची मोजली, बरोबर बावीस मिलिमीटर भरली. मग रद्दीच्या गठ्ठ्यातली पुस्तकं व्हर्नियरने मोजून त्यातल्या त्यात जवळचं निवडलं, दबणारं पुठ्ठ्याचं कव्हर काढून टाकलं, जाडी जुळवायला थोडी पानं कमी केली आणि पायाखाली सारलं. तेव्हापासून यंत्रावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडत नाही. अशा बाईला ‘कुठूनही’ म्हणणं म्हणजे तिला घरातून काढण्यासारखंच आहे.

घरातला दुसरा प्रौढ, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “सगळ्यात बारीक असेल ते वाच आणि सोडव स्वतःला.” त्याच्या सगळ्या सल्ल्यांचा कल सुटण्याकडे असतो.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. बससेवेची वेळापत्रकं लावण्यात त्यांचा जन्म गेला. जिन्यात त्यांच्याशी हे बोलणं काढलं, ही माझी पहिली चूक. दुसऱ्या दिवशी ते एक भलामोठा तक्ता घेऊन वर आले. डावीकडे प्रकाशनाची वर्षं, उजवीकडे कादंबऱ्या, मध्ये लाल-निळे बाण.

“हे बघा ताई, बस जिथून सुटते तिथेच बसायचं. मधल्या थांब्यावर चढलात तर खिडकी मिळायची नाही. पहिल्या वर्षापासून सुरू करा.”

“पण काका, नवव्या पुस्तकातली गोष्ट पहिल्याच्या आधी घडते, असं इथे तुम्हीच लिहिलंय.”

“ती परतीची फेरी,” काका म्हणाले.

समोरच्या घरात दंतवैद्य बाई राहतात. त्यांच्याकडे मी दात साफ करून घ्यायला गेले होते, सल्ल्याला नव्हे. पण माझ्या तोंडात दोन हत्यारं आणि एक नळी घालून झाल्यावर त्यांनी विषय काढला. “खालच्या काकांचं ऐकू नकोस हं. प्रकाशनाच्या क्रमाने वाचणं म्हणजे पुढचे दात घासायचे आणि दाढा सोडून द्यायच्या. तू त्या त्रयीपासून सुरू कर. तिसरा भाग आधी. मुळाशी जायचं, वरवर खरवडायचं नाही. पटतंय ना?”

“आं,” मी म्हणाले. तोंड उघडं असताना माणसाला एवढंच म्हणता येतं.

“बघ, तुलाही पटलं.” संध्याकाळी त्यांनी जिन्यात काकांना सांगितलं, की मी त्रयीच्या बाजूने मत दिलं आहे. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मला खरंच कुतूहल वाटू लागलं होतं. दोन शहाणी, वयस्क माणसं अवकाशयानांवरून एकमेकांना जिन्यात वाट देईनाशी झाली, म्हणजे त्या पुस्तकांत काहीतरी असलंच पाहिजे. मग मी जे येतं ते करायचं ठरवलं. कोणाचंच ऐकायचं नाही. सगळी पुस्तकं आणायची, प्रत्येकाला खाकी कव्हर घालून संकेतांक द्यायचा, प्रत्येकातली सारखी दहा पृष्ठं नमुना म्हणून वाचायची, गुण द्यायचे आणि सर्वाधिक गुणांच्या पुस्तकापासून सुरुवात करायची.

ग्रंथालयात एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात. शेहेचाळीस हवीत म्हटल्यावर ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “एकच मार्ग आहे. कपाट दत्तक योजना. नागरिकाने एक खण दत्तक घ्यायचा, पुस्तकं घरी नेऊन झाडायची-पुसायची, कव्हरं घालायची आणि पंधरा दिवसांनी आमच्या गाडीत परत द्यायची. मुदत वाढवून मिळत नाही.”

“आत्तापर्यंत किती जणांनी घेतला?”

“तुम्ही पहिल्या.”

अर्ज चार पानी होता. ‘यापूर्वी खण दत्तक घेतला आहे काय? असल्यास तो हयात आहे काय?’ असा एक रकाना होता. मी ‘लागू नाही’ लिहिलं. दोन जामीन हवे होते, तेही एकाच इमारतीतले. जामीन म्हणून काकांनी आणि दंतवैद्य बाईंनी सह्या केल्या. दोघांच्या सह्यांमध्ये एक रिकामी ओळ सोडावी लागली.

खणात पंचेचाळीसच पुस्तकं निघाली. नोंदवहीत शेहेचाळीस होती. एक चार वर्षांपूर्वी बांधणीला गेलं होतं. “ते सोडा,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. पण एक नमुना कमी असलेली तपासणी ही तपासणी नव्हे. मी स्वतंत्र अर्ज केला. तो बांधणी विभागाकडे गेला, तिथून आवक विभागाकडे, तिथून परत माझ्याकडे, ‘आपला संबंध स्पष्ट करावा’ या शेऱ्यासह. मी ‘दत्तक पालक’ असं लिहिलं. आठ दिवसांनी कळलं, की ते पुस्तक चार वर्षं शेजारच्याच खोलीत बांधून तयार होतं. पोचपावतीवर सही करायची होती ती कोणी केली नव्हती. बाईंनी उभ्या उभ्या सही केली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. एवढं सोपं असतं हे त्यांनाही ठाऊक नसावं.

सगळा खण त्याच दिवशी माझ्या ताब्यात आला आणि पंधरा दिवस तिथून मोजायला सुरुवात झाली. पुढचे तीन दिवस मी कव्हरं घातली. शीर्षकाचं पान दिसू नये म्हणून त्यावर कागदाची पट्टी अडकवली. नवऱ्याने संकेतांक टाकले. कुठला संकेतांक कुठल्या पुस्तकाचा, याची यादी मी पाहणं नियमाविरुद्ध होतं, म्हणून त्यानेच ती पाकिटात घालून स्वतःजवळ ठेवली. “सुरक्षित ठेव,” मी म्हणाले. “काळजाजवळ ठेवतो,” तो म्हणाला. मला ती फक्त लाडीगोडी वाटली.

मग मी नमुने वाचायला घेतले. पहिलं पाणी सोडून देण्याच्या शिस्तीने सुरुवातीची शंभर पृष्ठं सोडली आणि एकशे एक ते एकशे दहा ही पृष्ठं घेतली. पद्धत निर्दोष होती. फक्त एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. हा लेखक दर दहा पृष्ठांनी कोणाला तरी संकटात घालतो. सतरा क्रमांकात एक बाई यानाच्या बंद दाराबाहेर एका हाताने लटकलेली होती आणि दाराच्या आत दोन माणसं ‘उघडायचं की नाही’ यावर वाद घालत होती. तिथे एकशे दहावं पृष्ठ संपलं. नियमाप्रमाणे मी पुस्तक मिटलं. तेवीस क्रमांकात ग्रहावरचा प्राणवायू चार तासांचा उरला होता; मिटलं. आठवड्याभरात अशी शेहेचाळीस संकटं माझ्या डोक्यात लटकत राहिली. प्रयोगशाळेत मी क्लोरीन मोजताना मध्येच थांबे आणि त्या बाईच्या हाताला रग लागली असेल, असं मनात येई.

“शेहेचाळीस दाहे चारशे साठ,” नवरा म्हणाला. “एव्हाना एक कादंबरी वाचून झाली असती.”

त्याला तपासणी पद्धतीतलं काही कळत नाही.

मुंगीला जायला पाच दिवस उरले, तेव्हा गुणपत्रक तयार झालं. सर्वाधिक गुण, सतरा क्रमांक. आता पाकीट उघडायचं. मी नवऱ्याला हाक मारली आणि त्याच क्षणी बाल्कनीतून धाडधाड आवाज आला. कपडे धुण्याचं यंत्र नाचत होतं. नुसतं नाचत नव्हतं, चालत होतं. आम्ही दोघांनी ते दोन्ही बाजूंनी धरलं. खालून काका आले. “ताई, माझ्या छताचा रंग पडतोय.” धरून ठेवा म्हटलं तर त्यांनीही धरलं. तिघांनी धरलेलं यंत्र एकदाचं थांबलं. झाकण उघडलं आणि आत नवऱ्याचा शर्ट होता, ज्याच्या खिशात, काळजाजवळ, पाकीट होतं. त्याचा पांढरा, मऊ, निर्जंतुक लगदा झाला होता.

एरवी मी पाणसळ घेऊन यंत्राखाली वाकले असते. त्या दिवशी तेवढं त्राण नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्ट्या काढून पुस्तकं ओळखायच्या आत, ग्रंथालयाची गाडी दारात उभी राहिली. पंधरा दिवस झाले होते. मुदत वाढवून मिळत नाही.

शेहेचाळीस एकसारखी खाकी पुस्तकं परत खणात जाऊन बसली. दोन दिवसांत पत्र आलं. ‘वाचकांना पुस्तकांऐवजी संकेतांक आढळत असल्याबाबत दोन वाचकांची तक्रार. लेखी खुलासा करावा.’ तक्रारदार दोघंही माझे जामीन होते. मी गेले तेव्हा ते खणापाशीच उभे होते, हातात एकच खाकी पुस्तक, दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं.

“हे पहिल्या वर्षातलं आहे,” काका म्हणाले. “भाषा बघा ना, कोवळी आहे.”

“कोवळी? अहो, ही त्रयीच्या तिसऱ्या भागाची भाषा आहे. मुरलेली.”

ग्रंथपाल बाईंनी पट्टी काढून पाहिलं. ते तिसावं पुस्तक होतं. दोघंही एकदम म्हणाले, “तरीच.”

बाईंनी मला सोमवारी येऊन सगळी कव्हरं स्वतःच्या हाताने काढायला सांगितलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं पुन्हा कामाला बसवलेलं नाही. मान खाली घालून मी परत आले. रविवारी मुंगी जाणार होती आणि मी एकही कादंबरी वाचलेली नव्हती.

रविवारी सकाळी मी तिची बॅग बंद करायला मदत करत होते. सगळ्यात वर बिनकव्हराचा, केसांच्या रबराने बांधलेला पानांचा एक ठोकळा होता. बाजू दाबलेल्या, एका कोपऱ्याला गोल खळगा. तो खळगा मी ओळखला.

“मुंगी, हे यंत्राच्या पायाखालचं आहे.”

“हो. मी घेऊन चाललेय. त्याच्या जागी फरशीचा तुकडा ठेवला होता, पण पातळ पडला वाटतं.”

“बराच,” मी म्हणाले. “पण हे कशाला?”

“आई, हेच तर माझं पहिलं. तेरा वर्षांची होते. तू कपडे वाळत घालायला सांगितलंस, यंत्र थांबायची वाट बघत खाली बसले आणि पायाखाली हे दिसलं. मग रोज धुणं झालं की काढायचं, वाचायचं, दुसऱ्या धुण्याआधी परत ठेवायचं. संपायला चार महिने लागले. लेखक कोण तेही माहीत नव्हतं. दुसरं एक पुस्तक हातात आलं तेव्हा लिहिण्यावरून ओळखलं, की हा तोच.”

“म्हणून तू कुठूनही म्हणालीस.”

“मी एकेचाळिसाव्या पृष्ठापासून सुरू केलं होतं. पहिली ओळच अशी, ‘आणि म्हणून ते दार त्यांनी पुन्हा कधी उघडायचं नाही असं ठरवलं.’ कुठलं दार, का नाही उघडायचं, काही नाही. चार वर्षं तोच विचार करतेय. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं बघितली, त्यात हे नाहीच. कुठल्या महाभागाने पहिली पानं फाडली कोण जाणे.”

“मी,” मी म्हणाले.

मुंगीने ठोकळ्याकडे बोट दाखवलं.

“चोवीस मिलिमीटर होतं. बावीस हवं होतं. एक पान एक दशांश मिलिमीटर, म्हणून वीस पानं. चाळीस पृष्ठं.”

“मग मागची काढायचीस.”

“शेवट काढून घेणं बरं दिसलं नसतं,” मी म्हणाले. “आणि पहिलं पाणी आम्ही सोडूनच देतो.”

मुंगी बॅगेवर बसली आणि हसायला लागली. किती तरी महिन्यांनी मी तिचे मागचे दात पाहिले. खालून तिच्या बाबांनी हाक मारली, बस चुकेल म्हणून. “आई, मग बोलू,” म्हणून ती उठली आणि बॅग घेऊन जिना उतरली.

सोमवारी मी ग्रंथालयात स्टुलावर बसून कव्हरं काढू लागले. प्रत्येक पुस्तक उघडायचं, एकेचाळिसावं पृष्ठ पाहायचं, बाजूला ठेवायचं.

“एकेचाळीसच का?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“माझी एक नासधूस आहे, ती शोधतेय,” मी म्हणाले. त्यांनी पुढचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. माझ्याबद्दल त्यांनी आता काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या.

सदतीस पुस्तकं झाली. अडतिसावं हातात घेतलं, ते घट्ट बांधणीचं होतं, चार वर्षं शेजारच्या खोलीत पडून राहिलेलं. मुंगीला ते मिळणार कसं? वर संकेतांक होता सतरा. एकेचाळिसावं पृष्ठ उघडलं. ‘आणि म्हणून ते दार त्यांनी पुन्हा कधी उघडायचं नाही असं ठरवलं.’

म्हणजे ती बाई लटकली होती ती याच दाराला.

मी पहिलं पृष्ठ काढलं आणि वाचायला लागले. बाराव्या पृष्ठावर बाष्पदाबाची एक चूक होती. ती मी जाऊ दिली. चाळिसावं संपलं तेव्हा बाई उरलेली कव्हरं स्वतःच काढत होत्या. मी एकेचाळीस उलटलं, मग एकशे एक, मग एकशे दहा, आणि या वेळी कोणताही नियम आडवा आला नाही. त्या बाईचं काय झालं ते कळल्यावरच मी उठले आणि पुस्तक माझ्या नावावर घेऊन घरी आले.

संध्याकाळी फोन लावला. “हॅलो,” मुंगी म्हणाली. तिचा आवाज ‘हो’ म्हणायच्या तयारीत होता.

“जे…” मी म्हणाले आणि थांबले. “मुंगी, ते दार.”

“कुठलं दार?”

“एकेचाळिसाव्या पृष्ठावरचं. आधीची चाळीस पृष्ठं मिळाली. मी वाचली.”

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. “थांब. थांब, आई, सांगू नकोस. आधी माझे अंदाज ऐक.” तिचे अकरा अंदाज होते. मी ते क्रमाने लिहून घेतले. चौथा हुशारीचा होता, नववा भौतिकशास्त्राला धरून नव्हता आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंही. सातवा उत्तराच्या इतका जवळ आला होता, की मला खुर्चीत सरळ बसावं लागलं.

“आता सांग,” मुंगी म्हणाली.

“कुठून सांगू?”

“अगदी पहिल्यापासून. एक ओळसुद्धा सोडायची नाही.”

मी पुस्तक मांडीवर घेतलं. सगळं सांगून झालं तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, जेवलीस का ते विचारायचं राहूनच गेलं.